विसाव्या नंबरवर थांबलेलं गाणं: पेट शॉप बॉईजची 'डिस्कोग्राफी' ओळीने का ऐकायची

(एपिसोडचं हे लेखी रूप. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जमतील तेवढे काढलेत. काही राहिले असतील, चालवून घ्या.)

हेडफोन लावलेत? नसतील लावले तर लावा, कारण आज विषय गाण्यांचा आहे आणि त्यातही सिंथेसायझरवाल्या गाण्यांचा. फोनच्या स्पीकरवर त्यातला अर्धा बास हवेतच विरून जातो.

मागच्या एपिसोडनंतर एका श्रोत्याचा मेसेज आला. त्याचं म्हणणं असं: "दादा, 'ग्रेटेस्ट हिट्स' हा प्रकार आता कशाला हवा? ॲपवर कलाकाराचं नाव टाकलं की त्याची टॉपची गाणी समोर येतातच. मग कंपनीने निवडून दिलेली जुनी यादी कोण ऐकणार?"

प्रश्न रास्त आहे. खरं सांगतो, दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीही हेच म्हणालो असतो. मग माझ्या मामाने डोंबिवलीतलं जुनं घर सोडायला काढलं आणि आम्ही सगळे आवराआवर करायला गेलो. माळ्यावरून बुटांचा एक खोका खाली आला. त्यात सीडी. मामा मर्चंट नेव्हीत होता, त्यामुळे कुठल्या कुठल्या बंदरांवरून घेतलेल्या. मामी म्हणाली, "हे सगळं भंगारात दे बाबा." मामाने खोका चाळला, त्यातली एक सीडी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "ही ठेव. आणि ऐकशील तेव्हा ओळीने ऐक. मधूनच उड्या मारू नकोस."

सीडीवर नाव होतं: पेट शॉप बॉईज, 'डिस्कोग्राफी'. साल १९९१.

आता माझ्याकडे सीडी प्लेअर कुठला? मग मी मागच्या कव्हरवरची यादी बघून ॲपमध्ये तीच अठरा गाणी त्याच क्रमाने लावली. एक दिवस डोंबिवलीहून सीएसएमटीला स्लो लोकलने जाताना पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. साधारण सव्वा तास. उतरलो तेव्हा त्या श्रोत्याच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालेलं होतं, फक्त प्रश्न तेव्हा आलेला नव्हता. आज तेच उत्तर देतो.

ही जोडगोळी कोण?

दोन माणसं. नील टेनंट आणि ख्रिस लोव. दोघंही उत्तर इंग्लंडमधले. टेनंट न्यूकॅसलच्या बाजूचा, लोव ब्लॅकपूलचा. टेनंट गातो आणि शब्द लिहितो. लोव कीबोर्डमागे उभा असतो, बहुतेक वेळा टोपी आणि गॉगल लावून, चेहऱ्यावरची रेष न हलवता.

१९८१ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या किंग्ज रोडवर इलेक्ट्रॉनिक सामानाच्या एका दुकानात त्यांची गाठ पडली. लोव तेव्हा आर्किटेक्चर शिकत होता. टेनंट संपादनाचं काम करायचा आणि पुढच्याच वर्षी 'स्मॅश हिट्स' नावाच्या पॉप मासिकात गेला. हा मुद्दा लक्षात ठेवा. पॉपस्टार होण्याआधी हा माणूस पॉपस्टार लोकांबद्दल लिहीत होता. कोण कशामुळे वर जातं आणि कसं खाली येतं, हे त्याने टेबलाच्या पलीकडच्या बाजूने बघितलेलं होतं.

१९८३ मध्ये तो मासिकाच्या कामासाठी न्यूयॉर्कला गेला, 'द पोलीस' या बँडवर लिहायला. तिथे त्याने बॉबी ऑर्लँडो या डान्स संगीताच्या निर्मात्याला गाठलं, कारण त्याची गाणी या दोघांना भयंकर आवडायची. त्यातून 'वेस्ट एंड गर्ल्स'ची पहिली आवृत्ती झाली. ती १९८४ मध्ये आली, अमेरिकेतल्या काही क्लबांमध्ये वाजली आणि तेवढ्यावरच राहिली. मग त्यांनी तेच गाणं स्टीफन हेग या निर्मात्याबरोबर पुन्हा केलं, जरा संथ, जरा गूढ. १९८६ च्या जानेवारीत ते ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेलं आणि त्याच वर्षी अमेरिकेतही.

एका गाण्याची लांबी कोण ठरवतं?

कहाणीकडे जाण्याआधी थोडं तांत्रिक बोलू या. कंटाळू नका, याचा पुढे उपयोग आहे.

'डिस्कोग्राफी'वरची गाणी अल्बममधून जशीच्या तशी उचललेली नाहीत. ती सिंगल म्हणून निघालेली, सात इंची तबकडीवरची रूपं आहेत. सात इंची तबकडी मिनिटाला ४५ फेरे फिरते. तिच्यावरची खाच जितकी खोल आणि रुंद, तितका आवाज दणदणीत. गाणं लांबलं की त्याच जागेत जास्त खाचा बसवाव्या लागतात, मग त्या बारीक होतात, आवाज पडतो आणि आधी बास जातो. त्यामुळे सात इंचीवर गाणं साधारण तीन ते पाच मिनिटांत बसवावं लागायचं.

बारा इंची तबकडीवर मात्र ऐसपैस जागा. तिथे सात-आठ मिनिटं ठोका चालू द्या, बासही जाडजूड. म्हणून डीजे लोकांना बारा इंची लागायची आणि रेडिओला सात इंची.

पेट शॉप बॉईज या दोन्ही दुनियांत राहत होते. १९८८ चा त्यांचा 'इंट्रोस्पेक्टिव्ह' अल्बम घ्या. त्यात फक्त सहा गाणी आहेत आणि एकही सहा मिनिटांच्या आत संपत नाही. त्यातलं 'लेफ्ट टू माय ओन डिव्हायसेस' आठ मिनिटांचं आहे, ट्रेव्हर हॉर्नने अख्खा ऑर्केस्ट्रा बसवून केलेलं. सिंगल काढताना ते पाच मिनिटांच्या आत आणलं. हे नुसतं कात्री चालवण्याचं काम नसतं. कुठला भाग म्हणजे गाणं आणि कुठला भाग नाचण्यासाठीची मोकळी जागा, हे ठरवावं लागतं.

तर 'डिस्कोग्राफी' ऐकताना तुम्ही प्रत्येक गाण्याचा सगळ्यात घट्ट अवतार ऐकत असता. आमटी आटवून दाट करावी, तसा.

नियम एकच: जे निघालं ते, ज्या क्रमाने निघालं त्या क्रमाने

आता खरा मुद्दा. या संग्रहाचं पूर्ण नाव आहे 'डिस्कोग्राफी: द कम्प्लीट सिंगल्स कलेक्शन'. तो ४ नोव्हेंबर १९९१ ला आला. सोळा आधीची सिंगल्स आणि दोन नवी गाणी. नावात 'कम्प्लीट' आहे, पण हिशोब अगदी पैन् पैचा नाही. बॉबी ऑर्लँडोबरोबरचं काम यात नाही आणि 'हाऊ कॅन यू एक्स्पेक्ट टू बी टेकन सीरियसली?' हे गाणंही नाही. पण नियम मात्र स्पष्ट आहे. गाजलेलं पुढे आणि पडलेलं मागे असं काही नाही. १९८५ च्या शेवटापासून १९९१ पर्यंत जसं एकेक गाणं दुकानात आलं, तसं एकामागून एक.

याची तुलना ॲपशी करा. ॲप काय करतं? आत्ता लोक जे जास्त वाजवतायत ते वर ठेवतं. म्हणून कुठल्याही जुन्या कलाकाराच्या पानावर तीच ठरलेली चार-पाच गाणी दिसतात. लोक ती वाजवतात म्हणून ती वर, आणि ती वर आहेत म्हणून लोक ती वाजवतात. गर्दी बघून हॉटेल निवडावं, तसं. अन्न बरं मिळतं, पण गल्लीच्या टोकाला काय आहे ते कधीच कळत नाही.

ओळीने ऐकलं की या अठरा गाण्यांची एक कहाणी होते. ती मी चार तुकड्यांत सांगतो.

पहिला तुकडा: शहर आणि पैसा (गाणी १ ते ४)

सुरुवात 'वेस्ट एंड गर्ल्स'ने. रस्त्याचे आवाज, पावलं, आणि मग तो बास. टेनंट यात गाण्यापेक्षा बोलतोच जास्त. त्याने स्वतः सांगितलंय की हे सुचण्यामागे ग्रँडमास्टर फ्लॅशचं 'द मेसेज' हे रॅप होतं आणि टी. एस. एलियटची 'द वेस्ट लँड' ही कविताही, कारण तिच्यात वेगवेगळे आवाज एकमेकांत मिसळतात. हिपहॉप आणि एलियट, एकाच चार मिनिटांत! मधे ट्रंपेट वाजतो, तो कोणी फुंकलेला नाही. सॅम्पलर म्हणजे खरा आवाज साठवून कीबोर्डवर वाजवू देणारं यंत्र, त्यातून तो आलाय.

तिसरं गाणं 'ऑपॉर्च्युनिटीज'. त्याच्या नावातच पुढे बक्कळ पैसा कमावण्याची हाक आहे. मार्गारेट थॅचर पंतप्रधान होत्या तो काळ. गाण्यातला माणूस सांगतो की माझ्याकडे डोकं आहे, तुझ्याकडे दिसणं आहे, चल श्रीमंत होऊ. ही थट्टा आहे. या माणसाचं काही होणार नाही, हे ऐकणाऱ्याला कळायला हवं. पण टेनंट कधी डोळा मारत नाही. अगदी सरळ आवाजात गातो. त्यामुळे पुष्कळांना ते खरंखुरं पैशाचं स्तोत्रच वाटलं. भावना न दाखवता गाण्याची ही पद्धत लक्षात असू द्या, कारण पुढे तीच पद्धत काळजाला हात घालते.

दुसरा तुकडा: साम्राज्य (गाणी ५ ते ९)

१९८७ आणि १९८८ चा पूर्वार्ध. यांनी हात लावावा आणि सोनं व्हावं, असे दिवस.

'इट्स अ सिन' पहिल्या नंबरवर. टेनंट न्यूकॅसलच्या कॅथलिक शाळेत शिकला होता. जे काही मनात येतं ते पापच, अशी लहानपणी बसलेली धास्ती आणि तिच्यावर कडकडणारा डिस्को. मग 'व्हॉट हॅव आय डन टू डिझर्व्ह धिस?'. यात त्यांच्याबरोबर डस्टी स्प्रिंगफील्ड गायली. साठच्या दशकातली मोठी गायिका, पण तोवर तिला सगळे जवळपास विसरलेले. या दोघांनी तिच्यासाठी आग्रह धरला. गाणं ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे दुसऱ्या नंबरवर गेलं आणि डस्टीची दुसरी पारी सुरू झाली. मग नाताळात 'ऑल्वेज ऑन माय माइंड', एल्व्हिस प्रेस्लीने गायलेलं जुनं गाणं, पहिल्या नंबरवर. मग 'हार्ट', तेही पहिल्या नंबरवर.

या काळाला टेनंटने पुढे 'इम्पीरियल फेज' असं नाव दिलं. साम्राज्याचा काळ. हा शब्द आज पॉप संगीतावर लिहिणारे सगळेच वापरतात. कलाकाराची लोकप्रियता आणि त्याचा आत्मविश्वास दोन्ही एकाच वेळी टिपेला असतात, तो काळ. मासिकात काम केलेल्या माणसालाच असं नाव सुचणार.

तिसरा तुकडा: उतार (गाणी १० ते १४)

दहावं गाणं 'डॉमिनो डान्सिंग'. मायामीत जाऊन तिथल्या लॅटिन ठेक्यावर केलेलं. सातव्या नंबरच्या वर ते गेलं नाही. सातवा नंबर म्हणजे आपल्याला मोठीच गोष्ट, पण टेनंटने सांगितलंय की तेव्हाच त्याला कळलं, साम्राज्य संपलं. मामा म्हणतो ना, ओहोटी सुरू झाली की पाण्याला विचारावं लागत नाही, तसं.

पण मंडळी, गंमत बघा. नंबर खाली येतायत आणि गाणी खोल होत चाललीयत. 'लेफ्ट टू माय ओन डिव्हायसेस'मध्ये अख्ख्या आयुष्याचा एक साधा दिवस आहे. 'इट्स ऑलराइट' हे शिकागोच्या हाउस संगीतातलं, स्टर्लिंग व्हॉइडचं गाणं त्यांनी आपलं करून गायलं.

आणि मग चौदावं गाणं. 'बीइंग बोअरिंग'.

१९९० च्या नोव्हेंबरमध्ये ते आलं, 'बिहेव्हियर' या अल्बममधून. हा अल्बम त्यांनी म्युनिकमध्ये हॅरल्ड फाल्टरमायर या निर्मात्याबरोबर केला. 'ॲक्सल एफ' ही सिंथेसायझरची धून त्याचीच. तुम्ही ती रिंगटोन म्हणून शंभर वेळा ऐकली असेल. त्याच्याकडच्या जुन्या ॲनालॉग सिंथेसायझरमुळे या गाण्याचा आवाज ऊबदार झालाय, जरा धुक्यातून आल्यासारखा.

गाण्याचं बीज एका पार्टीच्या आमंत्रणात आहे. न्यूकॅसलमधली तरुण मंडळी, सत्तरच्या दशकाची सुरुवात. आमंत्रणावर त्यांनी झेल्डा फिट्झगेराल्डच्या लेखातलं एक वाक्य छापलेलं. अर्थ असा की ती कधी कंटाळली नाही, कारण ती स्वतः कधी कंटाळवाणी नव्हती. गाण्यात तीन कडवी आणि तीन काळ. पहिल्यात विसाचं दशक, जुन्या फोटोंतून आणि आमंत्रणांतून डोकावणारं. दुसऱ्यात सत्तरचं दशक, घर सोडून मोठ्या शहराकडे निघालेला तरुण. तिसऱ्यात नव्वदचं दशक, म्हणजे तेव्हाचं 'आत्ता'. तरुण जे व्हायचं म्हणत होता ते झाला. पण ज्यांच्याबरोबर ती स्वप्नं बघितली, त्यातले सगळे उरले नाहीत.

टेनंटचा न्यूकॅसलपासूनचा जिवलग मित्र एड्सने गेला होता. त्याच्याबद्दल टेनंटने तीन गाणी लिहिली, त्यातलं हे तिसरं.

आणि तो हे कसं गातो? 'ऑपॉर्च्युनिटीज' गायलं तसंच. आवाज न चढवता, न थरथरता. जो थंडपणा पाच वर्षांपूर्वी थट्टा वाटत होता, तो इथे हुंदका आवरून धरल्यासारखा वाटतो. हा फरक तुम्हाला फक्त 'बीइंग बोअरिंग' वाजवून कळणार नाही. त्याआधीची तेरा गाणी ऐकलेली असावी लागतात.

चार्टवर हे गाणं विसाव्या नंबरपर्यंत पोचलं. त्यापुढे नाही.

नोव्हेंबर १९९१

'डिस्कोग्राफी' बाजारात आली तो महिना आठवून बघा. म्हणजे आपल्यातले बरेच जण जन्मलेही नव्हते, पण तरी.

४ नोव्हेंबरला हा संग्रह आला. ७ नोव्हेंबरला अमेरिकेचा बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सनने आपल्याला एचआयव्ही असल्याचं जाहीर केलं. २३ नोव्हेंबरला क्वीन बँडच्या फ्रेडी मर्क्युरीने आपल्याला एड्स असल्याचं सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी, २४ तारखेला तो गेला. हो, तोच फ्रेडी, जो लहानपणी आपल्या पाचगणीच्या बोर्डिंग शाळेत शिकला.

तेव्हा या रोगावर आजच्यासारखी औषधं नव्हती. एचआयव्ही आटोक्यात ठेवणारे औषधांचे एकत्रित उपचार १९९६ च्या सुमारास आले. ब्रिटनमध्ये १९८८ पासून 'सेक्शन २८' नावाचं कलम होतं. स्थानिक सरकारी संस्थांनी समलैंगिकतेला 'प्रोत्साहन' देऊ नये, असं ते सांगायचं. टेनंटने स्वतः गे असल्याचं मुलाखतीत उघड सांगितलं ते १९९४ मध्ये. म्हणजे हा संग्रह आला तेव्हा त्याने ते बोलून दाखवलेलं नव्हतं. पण अठरा गाणी ओळीने लावली की ते सगळं तिथेच आहे: पापाची धास्ती, शहरात पळून येणं, नाच, आणि मग रिकाम्या होत गेलेल्या खुर्च्या.

कुठल्या गाण्याला किती नंबर मिळाला, यातून हे दिसत नाही. क्रमातून दिसतं.

चौथा तुकडा: शेवटचा प्रश्न (गाणी १५ ते १८)

'बीइंग बोअरिंग' नंतर लगेच काय येतं? यूटूच्या एका भारदस्त गाण्यात फ्रँकी व्हॅलीचं सदाबहार प्रेमगीत मिसळून केलेली धमाल! पहिल्यांदा मला हे खटकलं. आत्ता तर डोळे ओले होते आणि लगेच हा दंगा? पण ती गाणी खरोखर त्याच क्रमाने निघाली. दहाव्याला रडतो, तेराव्याला पंगत बसते, आयुष्य असंच असतं. कंपनीच्या माणसाने 'मूड' बघून यादी लावली असती तर हे झालं नसतं.

मग 'जेलसी', त्यांनी अगदी सुरुवातीच्या दिवसांत लिहिलेलं आणि कित्येक वर्षांनी सिंगल म्हणून आलेलं. मग दोन नवी गाणी. 'डीजे कल्चर'ला त्या वर्षीच्या आखाती युद्धाची पार्श्वभूमी आहे. टीव्हीवर सगळंच कसं दिखाऊ होत जातं, त्याबद्दल ते आहे.

आणि अठरावं, शेवटचं: 'वॉज इट वर्थ इट?'. मराठीत सांगायचं तर, 'केलं त्याचं चीज झालं का?' हे एका माणसाच्या प्रेमाबद्दलचं गाणं आहे आणि गाण्यातलं उत्तर 'हो' असंच आहे. पण सहा वर्षांची सतरा गाणी ऐकून झाल्यावर हा प्रश्न आला की तो सगळ्यालाच लागू होतो. पैसा, साम्राज्य, उतार, गेलेला मित्र. डिसेंबरात ते सिंगल म्हणून निघालं आणि चोविसाव्या नंबरवर थांबलं. म्हणजे कहाणी विजयाच्या तुतारीने संपत नाही. प्रश्न विचारते, 'हो' म्हणते आणि थांबते.

मग पुढचे संग्रह?

यांनी पुढे आणखी मोठे संग्रह काढले. २००३ चा 'पॉपआर्ट' दोन सीडींचा, ३५ गाण्यांचा. तिथे त्यांनी काळाचा क्रम मोडला. एका सीडीला नाव दिलं 'पॉप', दुसरीला 'आर्ट', आणि गाणी स्वभावाप्रमाणे वाटली. 'इट्स अ सिन' गेलं 'पॉप'मध्ये, 'बीइंग बोअरिंग' आणि 'वेस्ट एंड गर्ल्स' 'आर्ट'मध्ये. हाही एक विचार आहे: आपण दोन्ही आहोत, बघा. त्यात 'वॉज इट वर्थ इट?' मात्र नाही.

मग २०२३ चा 'स्मॅश'. १९८५ ते २०२० ची ५५ सिंगल्स, पुन्हा काळाच्या क्रमाने. नाव टेनंटच्या जुन्या मासिकाची आठवण करून देणारं. माहितीसाठी हा उत्तम. पण एका बैठकीत ५५ गाणी कोण ऐकणार? कहाणी म्हणून माझ्या मते 'डिस्कोग्राफी'च. सीडीत मावतं तेवढं, सव्वा तासाचं, सुरुवात, मध्य आणि शेवट असलेलं.

एक त्रुटीही सांगून टाकतो. मित्राबद्दलची तीन गाणी मी म्हणालो ना, त्यातलं या संग्रहात एकच आहे. पहिलं, 'इट कुडन्ट हॅपन हिअर', १९८७ च्या 'ॲक्च्युअली' अल्बममध्ये आहे. त्याच्या संगीतात एन्यो मोरिकोने या इटालियन संगीतकाराचा वाटा आहे. दुसरं, 'युअर फनी अंकल', मित्राच्या अंत्यविधीबद्दलचं, 'इट्स ऑलराइट'च्या सिंगलच्या मागच्या बाजूला होतं. सिंगल्सचा संग्रह पुढच्या बाजूची गोष्ट सांगतो, मागच्या बाजूची नाही. ती आपण शोधायची.

ऐकायचं कसं?

शफल बंद करा. ॲपमध्ये एक गाणं दुसऱ्यात विरघळवण्याची सोय असते, तीही बंद करा. दोन गाण्यांमधली शांतता इथे महत्त्वाची आहे. संग्रह तुमच्या ॲपवर नसेल तर माझ्यासारखी यादी हाताने लावा. सव्वा तास काढा, लोकलचा किंवा एसटीचा. चौदाव्या गाण्याला फोन खिशात ठेवा. आणि नंतर ती दोन मागे राहिलेली गाणी ऐका.

त्या श्रोत्याच्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात: टॉपची यादी आपल्याला सांगते की लोकांना आत्ता काय आवडतं, ओळीने लावलेला संग्रह सांगतो की माणसांचं काय झालं.

आणि हो, विसाव्या नंबरवर थांबलेल्या त्या गाण्याचं पुढे काय झालं? २०२२ मध्ये या दोघांनी हिट गाण्यांचाच एक मोठा दौरा सुरू केला, 'ड्रीमवर्ल्ड' नावाचा. त्यात चारही पहिल्या नंबरची गाणी होती. पण कार्यक्रमाचा शेवट व्हायचा 'बीइंग बोअरिंग'ने. त्याच वर्षी ग्लास्टनबरीच्या महोत्सवातही शेवट त्यानेच केला. बत्तीस वर्षं लागली, पण लोकांनी ते गाणं चार्टवरून नाही, मनाने वर आणून ठेवलं.

मामाला हे सगळं सांगितलं तेव्हा तो नुसता हसला. म्हणाला, "अरे, मला कुठे माहीत होतं ते एड्सबिड्सचं. बोटीवर आम्ही चौघं होतो, एकाच केबिनच्या आसपास. ती सीडी कायम चालू. चौदावं लागलं की कोणी बोलायचं नाही. का, ते तेव्हा कळत नव्हतं."

मी विचारलं, "आणि ते बाकीचे तिघं आता कुठे असतात रे?"

"एक आहे कोचीला," मामा म्हणाला. मग उरलेला खोका उचलून त्याने पुन्हा आत नेऊन ठेवला. भंगारात नाही दिला.

चला मंडळी, पुढच्या वेळी भेटू. तोपर्यंत तुमच्या घरातली एखादी जुनी कॅसेट किंवा सीडी शोधा. ज्याने जपून ठेवली त्याला विचारा, कितव्या गाण्याला तो गप्प बसतो. आणि मला नक्की कळवा.